पाणी कुठलं ते आधी विचारा (गाड्यांच्या डिटेलिंगच्या, म्हणजे बारीक साफसफाई-पॉलिशच्या लाइनीत नवीन येणाऱ्यांसाठी)

आमच्याकडे परवा दोन नवीन पोरं लागली, दोघंही आयटीआय करून आलेली, आणि पहिल्याच आठवड्यात दोघांनी मला तेच विचारलं जे मी नऊ वर्षांपूर्वी माझ्या दादाला, म्हणजे शॉपमधल्या सीनियरला विचारलं होतं, की गाडीवर पाणी सुकून पडलेले ते पांढरे ठिपके काढायला कुठली बाटली घ्यायची. मला हसू पण आलं आणि जुनी जखम पण आठवली, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

जखम अशी. मी तेव्हा अंधेरीत एका शॉपमध्ये हेल्पर होतो, चार महिने झाले असतील, टॉवेल धुणे आणि टायर काळे करणे एवढंच काम. एप्रिलची दुपार, एक काळी सेडान बाहेर उन्हात उभी, दारांवर आणि काचांवर क्षाराचे ठिपके, दादा जेवायला गेलेले. मी हुशारी करून ॲसिडवाली वॉटर स्पॉट रिमूव्हरची बाटली घेतली आणि काचेवर मारली. पत्रा इतका तापलेला की हात ठेववत नव्हता, त्यात मध्येच शेठने आतून हाक मारली, मी गेलो, परत येईपर्यंत लिक्विड ओघळून काचेखालच्या चकचकीत पट्टीवर येऊन सुकलं होतं. मी समजत होतो ती क्रोमची पट्टी, ती निघाली अ‍ॅल्युमिनियमची, आणि तिच्यावर दुधाळ ढग आला तो कशानेच गेला नाही. पट्टीचे पैसे तीन महिने पगारातून कापले गेले. दादा ओरडले नाहीत, त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी कुठल्या पाण्याने धुतात विचारलं होतंस का?" मला तेव्हा वाटलं हा काय प्रश्न आहे, पट्टीचा आणि पाण्याचा काय संबंध.

संबंध आहे. पाणी कुठलं ते कळलं की डाग कशाचा ते कळतं, आणि मगच बाटली ठरते. पालिकेच्या नळाला येतं ते तानसा, भातसा, वैतरणा, मोडक सागर, विहार, तुळशी या तलावांचं पाणी, म्हणजे पावसाचंच साठवलेलं, त्यात क्षार कमी, माझ्या टीडीएस मीटरवर (पाण्यात किती क्षार विरघळलाय ते लिटरला मिलिग्रॅममध्ये दाखवणारं यंत्र) ते बहुतेक ठिकाणी 100 च्या आतच दाखवतं. पण मुंबईत त्या पाण्याने गाड्या धुतो कोण? सोसायटीत गाड्यांना बोअरचं नाहीतर विहिरीचं पाणी, नाहीतर टँकर, आणि समुद्राजवळच्या सोसायट्यांत तर बोअरला मिठाची चव लागते. अशा ठिकाणी मी 1000 च्या वर आकडे पाहिलेत. 1000 म्हणजे एका लिटरमागे 1 ग्रॅम क्षार. गाडी धुऊन न पुसता सोडली आणि अंगावर अर्धा लिटर पाणी जरी सुकलं तरी अर्धा ग्रॅम पांढरी पावडर गाडीवर राहणार, पाणी उडून जातं पण क्षार उडत नाही, तो जाईल कुठे? बाथरूमच्या नळावर, गीझरच्या कॉइलवर खपली बसते ना, तीच ही. पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट सुकताना कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतं. शाळेत "दुष्फेन पाणी" म्हणून दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं, त्यावर पुढे पोट भरेल असं काही वाटलं नव्हतं.

इथे नवीन पोरं एक चूक करतात, टीडीएस म्हणजेच हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) असं धरून चालतात. मीटर फक्त पाण्यातून करंट किती जातो ते बघतं, त्यात साधं मीठही मोजलं जातं, आणि मिठाचा डाग साध्या पाण्याने निघतो, कॅल्शियमचा निघत नाही. खात्री करायची तर बाटलीत थोडं पाणी, साबणाचा चुरा, जोरात हलवा, फेसाऐवजी साय धरली की पाणी हार्ड समजायचं. आणि कस्टमर म्हणतो "अहो आम्ही हेच पाणी पितो", तर भांडू नका. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, हार्डनेस लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरलेला आहे आणि दुसरा सोर्स नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात, त्यामुळे पाणी पिण्यालायक असूनही गाडीवर डाग पाडू शकतं.

आता डाग बघायचा कसा, खरं शिकायचं ते इथे. गाडी आधी चांगल्या पाण्याने आणि शाम्पूने धुऊन, पुसून, सावलीत गार होऊ द्या. मग पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं पत्र्यावरून फिरवा, नुसत्या हाताला जे लागत नाही ते पिशवीतून वाळूसारखं खरखरतं. मग एका ठिपक्यावर साध्या पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब. कान जवळ नेऊ नका, डोळ्यांनी बघा, ठिपक्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढे बुडबुडे येतात आणि कडा आत आत सरकत जाते, की हा कार्बोनेट, हा निघणार. बुडबुडे थांबले, पुसलं, पिशवीला गुळगुळीत लागलं, पण टॉर्च आडवा धरल्यावर गोल खूण अजून दिसते, तर तो डाग आता वर नाहीये, क्लिअर कोटमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) खड्डा पडलाय. त्यावर कितीही बाटल्या ओता, खड्ड्याला ॲसिडने काय होणार? आणि काचेवर थेंबाने काहीच हललं नाही तर बहुतेक सिलिका आहे, आपल्या इकडे काळा कातळ, त्यातल्या पाण्यात ती असतेच, आणि ती व्हिनेगरला भीक घालत नाही.

वरवरचा डाग असेल तर महागडं काही लागत नाही. व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं, मायक्रोफायबर त्यात भिजवून पॅनेलवर दोन-तीन मिनिटं नुसता पसरून ठेवा, घासू नका, क्षार स्वतःच सुटतो, घासलात तर सुटलेला क्षारच सॅंडपेपरचं काम करतो. मग भरपूर पाणी, शाम्पू, कोरडं. एका वेळी एकच पॅनेल. रिमूव्हर वापरायचाच तर बाटलीचं लेबल आधी वाचा, ग्लव्हज आणि गॉगल घाला, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना मास्किंग टेप लावा (मी आजही आधी पट्टी शोधतो, मग डाग). लेबलवर हायड्रोफ्लोरिक किंवा बायफ्लोराइड असं काही दिसलं तर नवीन माणसाने बाटली परत ठेवायची, शेठ काही म्हणू दे. ते कातडीला लागल्यावर लगेच दुखेलच असं नाही, पण आतपर्यंत जातं. आणि संडास साफ करायचं ॲसिड गाडीवर वापरणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

खड्डा पडलेला असेल तर मशीन. पण मशीन हातात घेण्याआधी पेंटची जाडी मोजायची, कंपनीच्या पेंटची सगळी जाडी मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन असते, त्यात वरचा क्लिअर 40-50 च्या आसपास, आणि आधी कोणीतरी दोनदा रबिंग मारून गेलेला असेल तर त्यातही वाटा कमी झालेला. प्लास्टिकच्या बंपरवर आपलं साधं गेज आकडा देतच नाही, तिथे जपूनच. सगळ्यात हलकं पॉलिश आणि मऊ पॅड घेऊन डीए मशीनने (फिरता फिरता डगमगणारं पॉलिशिंग मशीन) हातभर जागेवर ट्राय करा, जात असेल तर पुढे, नाही तर एक पायरी वर. कडांवर आणि बॉडी लाइनवर पेंट पातळ असतो, तिथे टेप. आणि काही खड्डे सोडून द्यायचे असतात. कस्टमरला तोंडावर सांगा की साहेब, हा 80 टक्के जाईल, पूर्ण काढला तर पेंट संपेल. माझे पहिले दोन वर्षं हे वाक्य बोलायची हिंमत होत नव्हती.

प्रॅक्टिस कस्टमरच्या गाडीवर करू नका हे वेगळं सांगायला नको. कुर्ल्याला सीएसटी रोडला भंगारात बोनेट मिळतं, गडद रंगाचं घ्या, गच्चीवर ठेवा, बोअरचं पाणी शिंपडून आठवडाभर ऊन खाऊ द्या, फुकटचे डाग तयार. आईने मला त्यासाठी बऱ्याच शिव्या घातल्यात, तिला वाटायचं मी पत्र्याला पाणी घालून वाढवतोय.

काचेचं गणित वेगळं. काच पेंटपेक्षा खूप कडक, तिथे एकदम बारीक, चार शून्यांची (0000) स्टील वूल ओल्या काचेवर चालते, पेंटजवळ मात्र ती न्यायचीच नाही. त्यानेही गेलं नाही तर सेरियम ऑक्साइड पावडर पाण्यात कालवून फेल्टच्या पॅडने, काच सतत ओली ठेवून. हे काम वेळखाऊ आहे, एका विंडशील्डला अर्धा दिवस सहज जातो आणि पावडर उडून तुम्ही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसता, त्यामुळे पैसे आधी बोलून घ्या. एकाच जागी मशीन धरून बसलात तर काच तापते आणि तिथे लाट येते, रात्री समोरच्या गाडीचे लाइट त्यातून वाकडे दिसतात, ड्रायव्हरच्या समोरच्या भागात तर अजिबात रिस्क नको.

आता मुंबईचा स्पेशल डाग, जो कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगत नाही. पावसाळ्यात एक बाई पांढरे ओघळ घेऊन आल्या, फक्त डाव्या बाजूला, रूफपासून दारापर्यंत, ठिपके नाहीत, ओघळ. आमच्या पोराने सांगितलं पक्षी. मी विचारलं गाडी कुठे लावता, तर बेसमेंटला. म्हटलं आज गेल्यावर मान वर करून बघा. त्यांनी रात्री फोटो पाठवला, स्लॅबच्या भेगेतून पांढरे सुळे लोंबत होते, गुहेत असतात तसे. स्लॅबमधून झिरपणारं पाणी सिमेंटातला चुना सोबत आणतं, गाडीवर टपकतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि दगड होतं, वर ते ओलं असताना इतकं अल्कलाइन असतं की पेंटला चावतं. नळाच्या पाण्याच्या डागाला आठवडे लागतील ते काम हे दोन-चार दिवसांत करतं. व्हिनेगरची फडकी बदलत बदलत आम्ही दगड उतरवला, खाली रूफवर खुणा राहिल्या त्या थोड्या पॉलिशला गेल्या, थोड्या नाही. सोसायटीची कमिटी अजून वॉटरप्रूफिंगवर चर्चा करतेय, बाईंनी तोवर गाडीवर ताडपत्री बांधलीये.

डाग पडूच नये यासाठी जे करायचं ते कंटाळवाणं आहे, म्हणून कोणी करत नाही. उन्हात धुऊ नका, विशेषतः ऑक्टोबरमध्ये. एकदम सगळी गाडी ओली करू नका, भाग भाग करून धुवा आणि लगेच मोठ्या टॉवेलने पुसा, आरसे आणि दारांच्या फटीतलं पाणी ब्लोअरने काढा, नाहीतर गाडी चालू लागली की तिथून ओघळ येतात. शॉप असेल तर शेवटचं पाणी डीआय प्लांटचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं, मारा, मीटरवर शून्य येईल असं. सॉफ्टनर लावला की डाग बंद असं विकणारे विकतात, पण सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, ठिपका पडतोच, फक्त तो पुसला जातो. सिरॅमिक कोटिंगचंही तसंच. कोटिंगवर पाण्याचे गोल गोल मणी होतात आणि उन्हात ते मणी जागच्या जागी सुकले तर ठिपके जास्तच उठून दिसतात. फायदा एवढाच की डाग कोटिंगवर बसतो, पेंटवर नाही, आणि लवकर काढला तर सहज निघतो. "सिरॅमिक मारलं की डाग विसरा" असं सांगून गाडी विकत घेतल्यासारखे पैसे लावणाऱ्यांचा मला राग येतो, कारण सहा महिन्यांनी ती गाडी माझ्याकडे येते.

मुलुंडचे एक काका आहेत, रिटायर्ड, गाडी स्वतः धुणारे, अत्यंत शिस्तीचे, तरी काचेवर दर महिन्याला थर. नळ पालिकेचा, बोअर नाही, टँकर नाही, बेसमेंट नाही. माझं डोकं चालेना. शेवटी म्हटलं काका, कुठल्या बादलीने धुता ती दाखवा. तर घरातल्या आरओची वाया जाणारी नळी त्यांनी बादलीत सोडलेली, पाणी वाचवायचं म्हणून, आणि त्याच बादलीने रोज गाडी. आरओ जवळजवळ सगळा क्षार त्याच नळीतून बाहेर टाकतो, त्यामुळे त्यात नळाच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार. मी मीटर बुडवून दोन्ही आकडे दाखवले, काका बराच वेळ बादलीकडे बघत राहिले. आता ते पाणी लादी पुसायला जातं, आणि गाडीवर शेवटचा हात एसीच्या नळीखाली साठवलेल्या पाण्याचा, ते हवेतली वाफ गार होऊन झालेलं पाणी, जवळजवळ डिस्टिल्डच, फक्त फडक्यातून गाळून घ्यावं लागतं.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. एसी बंद केलाय, आता पाणी कुठून आणू? म्हटलं काका, गाडी बाहेर काढून पावसात उभी करा. फक्त झाडाखाली नको.