केक आला, तास बिघडला: बालवर्गातल्या वाढदिवसाच्या या चुका टाळा

डोक्यावर मुकुट चढला, वीस-बावीस मुलांनी एकदम टाळ्या सुरू केल्या आणि उत्सवमूर्ती टेबलाखाली. कानांवर हात, डोळे गच्च मिटलेले. मोबाइल धरून दारात उभी असलेली आई ओशाळली. मी ‘अरे, आज तुझाच दिवस ना’ म्हणत त्याला बाहेर काढायला गेले आणि त्याने भोकाड पसरलं. शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. तेव्हा मला वाटलं, मूल लाजाळू आहे. खरं तर मी घरची पार्टी जशीच्या तशी उचलून वर्गात आणली होती.

आता वर्गातला वाढदिवस मी पंधरा मिनिटांत आटोपते आणि त्यातला निम्मा वेळ मोजण्यात घालवते. नव्या ताई अडखळतात त्या जागा बहुतेक ठरलेल्याच असतात.

मुलाला न विचारता त्याला मधोमध बसवणं

आदल्या दिवशी दोनच प्रश्न विचारावेत: ‘मधे बसशील की माझ्या शेजारी?’ आणि ‘गाणं मोठ्याने म्हणू की हळू?’ तीन वर्षांचं मूलही याचं उत्तर देतं. आवाज सोसत नसेल तर टाळ्यांऐवजी सगळ्यांनी हात वर करून बोटं नाचवावीत. मुलांना ते टाळ्यांपेक्षा जास्त आवडतं, हा माझा अनुभव. एवढं करूनही मूल टेबलाखाली गेलंच, तर ओढू नये. ‘तो तिथून ऐकतोय’ एवढं बोलून पुढे चालू ठेवावं. दोन मिनिटांत टेबलाखालून एक डोकं दिसायला लागतं.

‘आज तू मोठी झालीस हं!’

हे वाक्य निरागस वाटतं, पण घोळ त्यातच आहे. एकतर आपला शब्दच बघा, वाढ-दिवस. मूल तो अक्षरशः घेतं: या दिवशी आपण वाढतो. एका मुलीने केक कापून झाल्यावर वरच्या फळीवरच्या खोक्यापर्यंत हात पोचतो का ते बघितलं होतं. पोचला नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच तिला फसवलंय.

बालमानसशास्त्रज्ञांनी 3 ते 5 वर्षांच्या मुलांना अशा गोष्टी सांगून प्रश्न विचारले आहेत. एका मुलाची पार्टी झालीच नाही, तर तो किती वर्षांचा? लहान मुलांपैकी काहींच्या मते तो आहे त्याच वयाचा राहतो. म्हणजे पार्टी हे वय वाढण्याचं कारण. आपण केक, टोपी, गाणं यांवरच भर दिला तर हाच समज पक्का होतो.

यावर मी एक बाहुली वापरते. ‘हिचा वाढदिवस होता, पण सगळे विसरले. केक नाही, गाणं नाही. आता ही किती वर्षांची?’ आणि मग गप्प बसते. मुलं कडाकडा भांडतात. उत्तर लगेच देऊ नका. महिन्याभराने तीच बाहुली पुन्हा काढा.

दुसरी अडचण ‘मोठा’ या शब्दाची. आपल्याकडे उंचीने मोठा तोही मोठा आणि वयाने मोठा तोही मोठाच. उंच तो वयाने जास्त, असं लहान मुलांना वाटतं हे स्विस बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनीही टिपून ठेवलं आहे. त्यात आपली भाषा आणखी भर घालते. म्हणून वर्गात दोन शब्द वेगळे ठेवा: उंचीला ‘उंच’, वयाला ‘आधी जन्मलेला’. भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीवर खूण फक्त वाढदिवसाला करू नका, दर महिन्याला करा. वाढ रोज थोडी थोडी होते, हे त्या खुणा दाखवतात.

पाच फोटो, चार फेऱ्या

माँटेसरी वर्गांत वाढदिवसाची एक फार छान पद्धत आहे. मधोमध सूर्य म्हणून दिवा, भोवती बारा महिन्यांच्या पट्ट्या. मुलाने हातात छोटा पृथ्वीगोल घ्यायचा आणि जितकी वर्षं पूर्ण झाली तितक्या फेऱ्या मारायच्या. एक फेरी म्हणजे एक वर्ष, साधारण 365 दिवस. दिवा बॅटरीचा ठेवा. गोल हातात धरून चालणाऱ्या चार वर्षांच्या मुलाजवळ पेटती मेणबत्ती मला नको वाटते. फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मारायची, कारण उत्तरेकडून पाहिलं तर पृथ्वी तशीच फिरते. मुलांना हे सांगायची गरज नाही, पण उगाच उलटं तरी कशाला दाखवा.

घोटाळा होतो तो मोजताना. मुलगी आज चार वर्षांची झाली. घरून पाच फोटो आले: जन्माचा, पहिल्या वाढदिवसाचा, दुसऱ्या, तिसऱ्या आणि आजचा. ती आपल्या महिन्याच्या पट्टीवर उभी राहते, आपण जन्माचा फोटो दाखवतो आणि कुणीतरी ओरडतं, ‘एक!’ शेवटी फोटो पाच भरतात आणि अख्खा वर्ग म्हणतो, ही पाच वर्षांची. त्यात सकाळी दारात आजी सांगून गेलेली असते, ‘चार पूर्ण, पाचवं लागलं!’ आजीचं बरोबरच आहे. पण मुलीने एकाच दिवशी चारही ऐकलं आणि पाचही.

उपाय सोपा आहे. जन्माच्या फोटोखाली शून्याचं कार्ड ठेवा आणि म्हणा, ‘आत्ताच जन्मली, अजून एकही फेरी नाही.’ निघताना आकडा म्हणायचा नाही. फेरी पुरी होऊन पाय पुन्हा पट्टीवर पडला की वाटीत एक खडा टाकायचा आणि मग ‘एक’. ही शिस्त ताईनेच पाळायची असते. नाहीतर तोंड पुढे धावतं आणि पाय मागे राहतात. मूल दुसऱ्या फेरीत असतं आणि वर्ग ‘चार’वर पोचलेला असतो.

सगळं झाल्यावर ‘वाटीत किती खडे?’ असं विचारा. बरीच मुलं आत्ताच मोजलेले खडे पुन्हा एकपासून मोजतात. त्यात चूक काही नाही. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण संख्या, हे समजायला वेळ लागतो. घाईने आपणच ‘चार!’ म्हणून टाकलं तर तेवढी संधी गेली.

फोटोंबाबत एक जपा. दत्तक आलेल्या किंवा घर सोडावं लागलेल्या मुलाकडे तान्हेपणीचा फोटो नसू शकतो. सरसकट ‘बाळपणीचा फोटो आणा’ अशी चिठ्ठी पाठवू नका. ‘फोटो, चित्र किंवा तेव्हाची एखादी आठवण’ असं लिहिलं की कुणाचीच अडचण होत नाही.

‘परवा वाढदिवस’

हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. मुलाने ‘परवा माझा वाढदिवस’ म्हटलं तर तो झाला की व्हायचाय, हे पट बघितल्याशिवाय कळत नाही. मी ‘दोन रात्री झोपलं की’ असं सांगते आणि कागदाच्या कड्यांची साखळी लावते. रोज एक कडी काढायची. साखळी आठवड्याहून लांब नको, मुलांचा धीर सुटतो.

खाऊ आणि फुगे

इथे मी कडक आहे. दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदाम, गहू, सोया, तीळ यांपैकी कशाचीही ॲलर्जी वर्गात कुणाला तरी असू शकते. त्यामुळे पालकांनी न सांगता आणलेला खाऊ मी वाटत नाही, रुसवा आला तरी. अख्खी द्राक्षं, अख्खे दाणे, कडक गोळ्या आणि पॉपकॉर्न या वयाला घशात अडकतात. रबरी फुगा फुटला की त्याचा तुकडा मूल तोंडात घालतं आणि तो श्वासनलिकेवर चिकटून बसू शकतो. त्यापेक्षा कागदी पताका बऱ्या. मेणबत्ती फुंकायचीच असेल तर वेगळ्या छोट्या केकवर. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात फुंकर मारलेल्या क्रीमवर न फुंकलेल्यापेक्षा सरासरी 14-15 पट जास्त जीवाणू आढळले होते. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, पण सर्दीच्या दिवसांत मला ते गणित आवडत नाही. खरं तर खाऊशिवायही काही बिघडत नाही. उत्सवमूर्तीने गोष्टीचं पुस्तक निवडायचं आणि रांगेत पहिलं उभं राहायचं, एवढ्यावर मुलं खूश असतात.

पटावरची काही नावं राहून जाणं

वर्ष सुरू होतानाच सगळ्या तारखा बारा महिन्यांच्या तक्त्यावर लावा. कोणत्या महिन्यात जास्त चेहरे आहेत, कोणता रिकामा आहे, हा मुलांचा पहिला आलेख होतो. सुट्टीत येणारे वाढदिवस तेव्हाच दिसतात; त्यांच्यासाठी ‘अर्धा वाढदिवस’ सहा महिने आधी किंवा नंतर धरा. 29 फेब्रुवारीच्या मुलाची तारीख पालकांनाच ठरवू द्या. काही घरांत श्रद्धेमुळे वाढदिवस साजरा होत नाही, उदाहरणार्थ यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथात. त्यांच्याशी आधीच बोला. मुलाला कोपऱ्यात बसवून बाकीच्यांनी गाणं म्हणायचं, हा काही मार्ग नव्हे. आणि पूर्ण नाव, जन्मतारीख, चेहरा असं एकत्र दिसणारा फोटो ग्रुपवर टाकू नका.

आणि त्या दिवशी मूल तापाने आलंच नाही तर? येईल त्या दिवशी करा. तसं केलं तेव्हा वर्गातला एक शहाणा लगेच उभा राहिला, ‘पण ताई, आज हिचा वाढदिवस नाहीये!’ मी काही म्हणायच्या आत तापातून उठलेली ती मुलगी पृथ्वीगोल काखेत मारून म्हणाली, ‘चार वर्षं झालीयेत. मोजायची राहिलीयेत.’