संसदेतला पैसा समजून घेताना या चुका टाळा

१ फेब्रुवारीला अर्थमंत्री भाषण संपवून खाली बसतात आणि अर्ध्या तासात ‘अर्थसंकल्प मंजूर’ अशा ओळी फोनवर फिरू लागतात. त्या दिवशी मंजूर काहीच झालेलं नसतं. अर्थसंकल्प सभागृहापुढे ठेवला गेलेला असतो, एवढंच. त्यानंतरच्या दोन महिन्यांत खरी मंजुरी होते, आणि नेमकं तेव्हा आपलं लक्ष परीक्षा, लग्नसराई, आयपीएल यांत असतं. संसदेची कागदपत्रं वाचण्याची मला सवय आहे, आणि त्या वाचनात लोकांच्या (आणि माझ्याही) ज्या चुका वारंवार दिसल्या, त्या इथे मांडतो.

भाषणालाच अर्थसंकल्प समजणे

भाषणानंतर संसदेला मधली सुट्टी असते. त्या काळात विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे प्रत्येक मंत्रालयाने खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात. एका समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. मग लोकसभेत काही निवडक मंत्रालयांवर चर्चा ठरते, मतदान होतं, आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. याला गिलोटिन म्हणतात. वेळ संपला म्हणून काही मागण्या गिलोटिनखाली जाणं नेहमीचं आहे. पण २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पातल्या मागण्या एकाही मंत्रालयावर चर्चा न होता मंजूर झाल्या. २००४-०५, २०१३-१४ आणि २०१८-१९ या वर्षांतही तेच झालं होतं. म्हणजे सरकार कुणाचंही असो, हा रोग जुना आहे. दरवर्षी मार्चमध्ये विचारायचा साधा प्रश्न हा: यंदा किती मंत्रालयांवर चर्चा झाली?

सगळ्याच खर्चावर मतदान होतं, असाही एक समज आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार, कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) पगार, कर्जावरचं व्याज हा ‘भारित’ खर्च. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. २०२५-२६ च्या ५०.६५ लाख कोटींपैकी १२.७६ लाख कोटी, म्हणजे पाव हिस्सा, नुसतं व्याज होतं.

विनियोजन विधेयक आणि वित्त विधेयक यांची गल्लत

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून इथे जरा थांबू.

विनियोजन विधेयक सरकारला तिजोरीतून पैसे काढायची परवानगी देतं. वित्त विधेयक कर बसवतं, कर बदलतं. खर्चावर लक्ष ठेवणारी माणसं वित्त विधेयकाकडे ‘ते सीएचं काम’ म्हणून पाठ फिरवतात. पण कराची कलमं संपल्यावर त्याच्या शेवटच्या भागात ‘संकीर्ण’ तरतुदी असतात आणि तिथे कराशी फारसा संबंध नसलेले कायदेही बदलले जातात.

१४ मार्च २०१८ चं उदाहरण घ्या. लोकसभेत गोंधळ चालू होता आणि त्या गोंधळातच सुमारे अर्ध्या तासात सगळ्या मागण्या, विनियोजन विधेयक आणि वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झालं. त्या वित्त विधेयकात दोन गोष्टी होत्या. पहिली, परदेशी देणग्यांच्या कायद्यातला बदल थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू करणं. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी परदेशी देणग्यांचा कायदा मोडल्याचं म्हटलं होतं. २०१६ च्या वित्त कायद्याने ‘परदेशी’ कंपनीची व्याख्या २०१० पासून सैल केली, आणि २०१८ मध्ये ती तारीख आणखी मागे, १९७६ पर्यंत नेली. दुसरी गोष्ट, खासदारांचा पगार. तो ५० हजारांवरून १ लाख झाला आणि दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकानुसार आपोआप वाढेल अशी सोय झाली.

म्हणून २४ मार्च २०२५ ला पगार १ लाख २४ हजार झाल्याची अधिसूचना आली (१ एप्रिल २०२३ पासून लागू), तेव्हा ‘याचं विधेयक कधी आलं? चर्चा कधी झाली?’ असं अनेकांनी विचारलं. विधेयक सापडत नव्हतं कारण ते सात वर्षांपूर्वीच, वित्त विधेयकाच्या पोटात, मंजूर होऊन गेलं होतं.

राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्यासाठीच्या निवडणूक रोख्यांचीही वाट हीच. २०१७ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँक, लोकप्रतिनिधित्व, आयकर आणि कंपनी या कायद्यांत फेरबदल करून रोख्यांना जागा करून दिली. ते धन विधेयक, म्हणजे ज्यावर अंतिम निर्णय लोकसभेचाच असतो असं विधेयक, असल्यामुळे राज्यसभेला फक्त शिफारशी करता आल्या. तिने पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्या फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयाने ही योजना रद्द केली ती १५ फेब्रुवारी २०२४ ला. मधल्या काळात निवडणुका होऊन गेल्या होत्या.

तेव्हा वित्त विधेयक हातात आलं की शेवटाकडून वाचायला घ्या. शेवटच्या प्रकरणात कोणकोणत्या कायद्यांची नावं आहेत तेवढं टिपलं तरी पुष्कळ. आणि मंजुरीच्या दिवशी सरकारी दुरुस्त्यांची वेगळी यादी येते, ती चुकवू नका. २०२३ मध्ये अशा ६४ दुरुस्त्या होत्या.

चुकीचा रकाना पाहणे

अर्थसंकल्पाच्या तक्त्यात प्रत्येक योजनेपुढे चार आकडे असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. ‘तरतूद वाढली की घटली’ यावरची निम्मी भांडणं केवळ रकान्याची असतात.

गावोगाव नळ पोचवणारं जलजीवन मिशन बघा. २०२४-२५ चा मूळ अंदाज ७०,१६३ कोटी, सुधारित २२,६९४ कोटी, आणि २०२५-२६ साठी ६७,००० कोटी. सुधारिताशी तुलना केली की तरतूद जवळपास तिप्पट दिसते. मूळ अंदाजाशी केली की तीन हजार कोटींनी कमी. दोन्ही मथळे खरे, आणि दोन्हींत मूळ प्रश्न हरवतो: मधले ४७ हजार कोटी का खर्च झाले नाहीत? ज्या वाडीत पाइप येऊन पडलेत आणि पाणी नाही, तिथल्या माणसाला हवं असलेलं उत्तर त्या दोन रकान्यांच्या फरकात आहे.

‘आपल्या खासदाराने मत कुठे दिलं?’

मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका लेखात ‘आपल्या खासदारांनी या विधेयकाच्या बाजूने मत दिलं’ असं लिहिलं. ते विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं होतं. कोण ‘हो’ म्हणालं, कोण ‘नाही’, याची नोंदच नसते. मला खुलासा छापावा लागला आणि तो छापणं योग्यच होतं.

एखाद्या सदस्याने आवाजी निकालाला हरकत घेऊन मतविभागणी मागितली तरच नावानिशी नोंद होते. घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथे मतं मोजावीच लागतात. महिला आरक्षणाचं विधेयक २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं आणि त्या दोघांपैकी एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील होते, हे आपण ठामपणे सांगू शकतो ते याचमुळे. खर्चाच्या मागण्यांवर असा पुरावा क्वचितच मिळतो. तेव्हा आधी मतदान कसं झालं ते पाहा, मग खासदाराला जाब विचारा.

हजेरीचंही तसंच. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, कारण उत्तरं त्यांनीच द्यायची असतात. त्यांच्या नावापुढे शून्य दाखवून फिरणारे तक्ते बाजूला ठेवा. आणि ५ कोटींचा खासदार निधी खासदाराच्या खात्यात जमा होत नाही. खासदार फक्त कामं सुचवतो, मंजुरी आणि पैसे देणं जिल्हा प्रशासनाकडे.

कार्यालयावरचा खर्च म्हणजे उधळपट्टी असं मानणे

इथे माझं मत अनेकांना पटत नाही. खासदाराला कार्यालयासाठी महिना ७५ हजार मिळतात, त्यातले ५० हजार साहाय्यकासाठी. एवढ्यात पत्रव्यवहार, शिफारशी, मतदारसंघातले फोन सांभाळणारा एखादा माणूस मिळतो. हजारो पानांची मागण्यांची कागदपत्रं चाळून आकडे काढून देणारा अभ्यासक मिळत नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात एका सदस्याला १८ कायम कर्मचारी ठेवता येतात. तिथे १९९५ पासून कामगार कायदे संसदेलाही लागू आहेत, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर छळवणुकीच्या तक्रारीतली भरपाई सदस्याला स्वतःच्या खिशातून परत करावी लागते. आपण पगारवाढीवर तुटून पडतो, पण अभ्यासासाठी माणसं द्या आणि त्यांच्या नोकरीला नियम लावा, ही मागणी करत नाही. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. तपासणीची जागाच आकसते आहे, आणि जी उरली आहे तिथेही खासदार बहुतेक एकटाच बसलेला असतो.

समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, पण अहवाल सभागृहात मांडला की सगळ्यांना खुला होतो. त्याच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात, आणि त्यांत त्या दिवशी कोणकोण सदस्य हजर होते त्यांची नावं दिलेली असतात.