बारावीनंतर इंजिनिअरिंग: कागदपत्रांपासून ऑप्शन फॉर्मपर्यंत

अकरावीची परीक्षा संपली की त्याच सुट्टीत कागदपत्रांच्या मागे लागा. घाई वाटेल, पण मुलांनी दोन वर्षं घासून अभ्यास करावा आणि जागा जावी ती एका दाखल्यापायी, हे मी नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या मुलांचे फॉर्म भरताना पाहिलं आहे. दर वेळी जीव तुटतो.

सगळ्यात आधी आधार कार्ड, दहावीचं मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल, तर दुरुस्ती आताच करून घ्या. मग डोमिसाइल काढा. आरक्षित प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. ते जिल्हा पडताळणी समितीकडून मिळतं, अर्जासोबत ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांचं सही-शिक्क्याचं पत्र लागतं आणि सगळं होईपर्यंत काही महिने जातात. ओबीसीसारख्या प्रवर्गांना नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्रही लागतं, आणि ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं. जुनं घरात आहे म्हणून निश्चिंत राहू नका, त्यावरची तारीख वाचा. वैधता वेळेत हातात नसेल तर नाव खुल्या प्रवर्गात जातं. काही वर्षी नुसत्या पावतीवर मुदत मिळाली, पण त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

उत्पन्नाचा दाखला बऱ्याच घरांत ‘आपल्याला काय करायचाय’ म्हणून राहून जातो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. याशिवाय टीएफडब्ल्यूएसच्या जागा असतात, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या. त्यांनाही मर्यादा आठ लाखांचीच. एवढा फायदा एका दाखल्यावर अवलंबून आहे.

आता एमएचटी-सीईटी, म्हणजे महाराष्ट्रातली इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा. तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. पेपर २०० मार्कांचा, त्यात एकटं गणित १०० चं, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. बारावीकडे दुर्लक्षही नको, कारण प्रवेशासाठी ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के लागतात.

निकाल लागला की कॅपची नोंदणी करायची आणि कागद तपासून घ्यायचे. घरबसल्या ई-स्क्रुटिनी करता येते किंवा एफसीवर, म्हणजे सुविधा केंद्रावर, जाता येतं. घरून केली तर रोज लॉगिन करून बघत राहा. त्रुटी निघाली की अर्ज परत येतो आणि मुदतीत दुरुस्त केला नाही तर तसाच पडून राहतो. तात्पुरत्या गुणवत्ता यादीत आपला प्रवर्ग आणि मार्क बरोबर आहेत का ते तपासा. हरकत घ्यायची ती अंतिम यादी लागायच्या आत.

आता कटऑफ. सीईटी सेलच्या, म्हणजे ही प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या सरकारी कक्षाच्या, संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचे तक्ते असतात. पहिल्यांदा उघडले की डोळे गरगरतात, पण रकान्यांची नावं सुटी करून वाचा. ‘जीओपनएच’मधला जी म्हणजे सर्वसाधारण, त्याजागी एल असेल तर मुलींसाठीची जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर महत्त्वाचं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यपातळीवरची जागा. सांगलीत बारावी केलेल्या मुलाचं होम विद्यापीठ शिवाजी विद्यापीठ, म्हणून पुण्यातल्या कॉलेजचा एच रकाना बघून त्यानं हुरळून जाऊ नये किंवा खचूही नये. त्यानं ओ आणि एस बघायचे. प्रत्येक चौकटीत मेरिट नंबर आणि पर्सेंटाइल दोन्ही असतात, दोन्ही वहीत उतरवा. एकाच वर्षावर विसंबू नका, दोन-तीन वर्षांचे आकडे घ्या.

या वहीतून पंचवीस-तीस नावं निघतील. त्यातली जमतील तेवढी कॉलेजं प्रत्यक्ष जाऊन बघा, आणि तेही कामाच्या दिवशी. कॉलेज सजवून ठेवलेल्या दिवशी गेलात तर सगळंच छान दिसतं. दुपारी अडीचच्या सुमाराला तुमच्या ब्रँचच्या लॅबबाहेर उभे राहा. आत प्रॅक्टिकल चालू आहे की कुलूप आहे? कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा की शिकवायला कायमचे प्राध्यापक किती आहेत. प्लेसमेंटचं विचारताना सर्वांत मोठं पॅकेज विचारू नका, ते एकाच मुलाचं असतं. तुमच्या ब्रँचमधून किती जण बसले, किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमात मधोमध येणाऱ्या मुलाला किती मिळाले, हे विचारा. एनबीए, म्हणजे अभ्यासक्रमाच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन, ब्रँचनुसार मिळतं, त्यामुळे कॉलेजच्या फाटकावरच्या फलकावर जाऊ नका, आपल्या ब्रँचला ते आहे का ते बघा. फीबरोबर होस्टेल आणि मेस धरून चार वर्षांचा हिशेब आईबाबांसमोर बसून मांडा.

ब्रँच की कॉलेज, हा वाद प्रत्येक घरात होतो. माझं मत सांगते. मुंबईच्या व्हीजेटीआय किंवा पुण्याच्या सीओईपीसारख्या नावाजलेल्या ठिकाणी मनाच्या जवळची दुसरी ब्रँच मिळत असेल, तर ती जरूर विचारात घ्यावी. पण ज्या विषयाचं पुस्तक उघडायचीही इच्छा होत नाही, तो नावाखातर चार वर्षं ओढू नये.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि ब्रँचची पसंतीच्या क्रमानं भरायची यादी. सगळी मेहनत इथे येऊन ठरते. माझ्या भाचीनं गेल्या वर्षी रात्री यादी दाखवली, तर पहिल्या नंबरावर घराजवळचं कॉलेज. ‘मावशी, हे मिळेलच ना, म्हणून वर टाकलं.’ खरी इच्छा होती ती चौदाव्या नंबरावर! वर अवघड कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जाईल, अशी तिला भीती. तसं होत नाही. संगणक मेरिटप्रमाणे एकेका मुलाचा फॉर्म घेतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि त्याला मिळू शकणारी पहिली जागा देऊन टाकतो. वरची पाच नाही मिळाली तर सहाव्या जागेवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

उलट चुकीचा क्रम महागात पडतो. २०२५ पासून चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला मिळाला, तर जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. भाचीची यादी तशीच गेली असती तर घराजवळचं कॉलेज पहिल्याच दिवशी पक्कं झालं असतं. आम्ही पहाटे एकपर्यंत बसून सगळे पर्याय कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिले आणि दोन-दोन चिठ्ठ्या समोर ठेवून एकच प्रश्न विचारत गेलो: दोन्ही मिळत असतील तर कुठे जाशील? चिठ्ठ्यांचा क्रम लागला, तोच फॉर्ममध्ये भरला.

तुम्हीही तसंच करा. पर्याय ३०० पर्यंत देता येतात, म्हणून कंजुषी नको. पण जिथे जाणारच नाही असं एकही नाव टाकू नका. टीएफडब्ल्यूएसचा कोड वेगळा असतो आणि शेवटी टी असतो. त्याच कॉलेजच्या नेहमीच्या कोडच्या वर तो ठेवा. फॉर्म कन्फर्म करायचा विसरू नका, नुसतं सेव्ह करून चालत नाही. शेवटच्या रात्रीची वाटही बघू नका, साइट रांगते. आणि त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचा, नियम बदलत असतात.

जागा मिळाली की मुदतीत लॉगिन करून ती स्वीकारा आणि शुल्क भरा. आणखी चांगली हवी असेल तर बेटरमेंट घ्या, म्हणजे ती जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत जा. मात्र पुढच्या फेरीत वरचं काही मिळालं की हातातली जागा जाते, परत मागता येत नाही. प्रवेश पक्का करायला जाताना सगळी मूळ कागदपत्रं न्या. त्याआधी प्रत्येकाच्या पाच-सहा झेरॉक्स काढून ठेवा आणि एकेक स्कॅन आईबाबांच्या मोबाइलवरही असू द्या, कारण शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मला तो लगेच लागतो.