वाडीतील तरुणांचा गट : बंधाऱ्यापासून आमसुलापर्यंत

कोकणातील एखाद्या वाडीत गरीब घरांतील तरुणांचा गट उभा करायचा म्हटले की बहुतेक कार्यकर्ते पहिल्याच रविवारी मुलांच्या हातात झाडू देतात आणि एसटीचा थांबा नाहीतर देवळाचे आवार साफ करायला लावतात. हेतू चांगलाच असतो. परंतु ज्या घरांकडून गावाने पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतले, त्याच घरांतील मुलांना पुन्हा बिनमजुरीचे काम सांगायचे आणि त्याला सेवा म्हणायचे, हे त्यांच्या आईवडिलांना खटकते, आणि ते रास्तच आहे. म्हणून पहिले काम निवडताना त्याचा पहिला लाभ त्या मुलांच्या स्वतःच्या वाडीला होतो की नाही, एवढे आधी पाहावे. बाकीच्या गावाचा विचार त्यानंतर.

असे काम शोधायला लांब जावे लागत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, तरी तीव्र उतार आणि सच्छिद्र जांभा यांमुळे ते पाणी खाडीला जाऊन मिळते आणि एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहणे सुरू होते. त्यातही गावाच्या कडेला, कातळालगत वसवलेल्या वाडीची विहीर सर्वांत आधी आटते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी याच कोकणात झाला, त्यामुळे पाणी आणि मान यांचे नाते येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वाडीच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, वहाळावर म्हणजे ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, घालणे हे गटाचे पहिले काम म्हणून मला सर्वांत योग्य वाटते.

त्याची वेळ मात्र नेमकी साधावी लागते. वहाळाचा जोर ओसरलेला हवा, भातकापणी आटोपलेली हवी, आणि रायगड व उत्तर रत्नागिरीतील कातकरी वाड्यांचा प्रश्न असेल तर वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम उचल देऊन कुटुंबे घेऊन जाण्यापूर्वीचे जे थोडे दिवस हाती लागतात, त्यांतच काम उरकले पाहिजे. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्या पावसाळ्यातच जमवून ठेवाव्यात. तळाचा गाळ आणि सैल दगड काढून पक्का थर लागेपर्यंत जागा साफ करावी. गोण्या माती-वाळूने गच्च न भरता थोड्या सैल ठेवून तोंड सुतळीने शिवावे, म्हणजे त्या एकमेकींवर नीट बसतात. विटांच्या भिंतीप्रमाणे सांधा सांध्यावर येऊ न देता दोन ओळी रचाव्यात आणि मधल्या फटीत चिकणमाती तुडवून भरावी. उंची कमरेपर्यंत पुरे, आणि जास्तीचे पाणी मधोमध वरून वाहून जाईल अशी थोडी खोलगट जागा ठेवावी, नाहीतर पाणी कडेची माती कातरते आणि बंधारा बाजूने फुटतो. मे महिन्यात गोण्या काढून घ्याव्यात. हे सहसा कोणी सांगत नाही. पण न काढलेल्या गोण्या पहिल्या पुराबरोबर खाडीत जातात आणि मग तोच गट कांदळवनातील प्लॅस्टिक वेचत बसतो.

या कामात मुलांनी गोण्या उचलण्यापेक्षा वही सांभाळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कोण आले, किती गोण्या लागल्या, जेवणाचा खर्च कोणी केला, विहिरीला दर पंधरवड्याला किती हात पाणी आहे, हे सारे मुलांनीच लिहावे, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांच्यापैकी एकाने, शक्यतो एका मुलीने, उभे राहून ते वाचून दाखवावे. कार्यकर्त्याने तेव्हा मागच्या रांगेत बसावे. ज्या सभेत आपल्या वाडीतले कोणी कधी बोलले नाही, तेथे आकडे वाचणाऱ्या मुलीला सरपंच प्रश्न विचारतात, तेव्हा गटाचा खरा आरंभ होतो.

व्यवसायाचा विचार त्यानंतर करावा, आणि तो शक्यतो केलेल्या कामातूनच निघावा. मंडणगड तालुक्यातील वेळासला आधी कासवांची अंडी राखण्याचे काम झाले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ते २००२ पासून हाती घेतले, आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय घरोघरी करून गावाला उत्पन्न मिळू लागले ते नंतर. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. तुमच्या वाडीला किनारा किंवा खाडी नसेल, तर रातांबा, म्हणजे ज्याच्या सालीचे आमसूल करतात ते कोकमाचे फळ, बहुधा असतोच.

आमसुलाला भांडवल थोडे आणि लक्ष फार लागते. पिकलेला रातांबा फोडून गर आणि बी वेगळे करायचे, गराच्या रसात मीठ घालून त्यात साली बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, आणि रंग गडद होईपर्यंत रसाची अशी पुटे पुन्हा पुन्हा द्यायची. मिठाच्या रसाचे आगळ होते, बियांपासून कोकमाचे तेल निघते. फेकायला फारसे काही उरत नाही. घातक ठरतो तो वळवाचा पाऊस. आमच्या पहिल्या हंगामात तिसऱ्या पुटाच्या वेळी रात्री सर आली, गटाची एकुलती ताडपत्री लग्नाच्या मांडवावर गेलेली होती, आणि आठवड्याभरात सगळा माल बुरसला. मुलांना हे नुकसान वहीत लिहायची लाज वाटत होती. लिहिले, तेव्हा पुढच्या वर्षी ताडपत्री खर्चाच्या पहिल्या ओळीत आली.

भाव ठरवताना मुले स्वतःची मजुरी धरत नाहीत, ही खोड पहिल्याच हंगामात मोडावी. समजा ४० किलो आमसूल तयार करायला चार जणांचे तीन दिवस गेले, तर आधी बारा मजुऱ्या लिहाव्यात, त्याही आंब्याच्या बागेत राखणीला किंवा काढणीला गेले असते तर मिळाली असती त्या दराने. मग रातांबे, मीठ, पिशव्या आणि एसटीचे पार्सल. यावर जे उरेल तोच नफा. त्यातील किती भाग बंधाऱ्यासाठी राखायचा, हे विक्रीपूर्वीच ठरवून वहीत सर्वांच्या सह्या घ्याव्यात, कारण पैसे हातात आल्यावर ही चर्चा कधीच शांतपणे होत नाही.

कागदपत्रांत फार अडकू नये. खाद्यपदार्थ विकायचा म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवीच; लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. मुलींचा गट महिला बचत गटांसाठीच्या राज्य सरकारच्या उमेद अभियानाला जोडता येतो. मुलगे-मुली एकत्र असतील तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, पण ती घाई पहिल्या वर्षी करू नये. बँकेचे व्यवहार अठरा वर्षांवरील दोघांच्या सहीने व्हावेत, आणि चौदा वर्षांखालील मुलांना मालाच्या कामाला मुळीच लावू नये. अनुदानाच्या योजनांची चौकशी तालुका कृषी कार्यालयात जरूर करावी, मात्र अनुदान मिळेल या भरवशावर यंत्र घेऊ नये.

गटातील दोघे-तिघे मुंबईला जाणारच. त्याची खंत करीत बसण्यापेक्षा जाणाऱ्याकडे विक्रीची वही सोपवावी : चाळीतील, कंपनीतील, गावच्या मंडळातील कोणाला किती किलो हवे, याची मागणी त्याने जूनपर्यंत कळवावी, आणि गणपतीला आला की परतीच्या पिशवीतून माल न्यावा. उधारीची वसुलीही त्याच्याकडेच द्यावी. मंडळाच्या लोकांकडे पैसे मागायला आपल्यापेक्षा त्याला कमी संकोच वाटतो.