हाताची घडी म्हणजे राग नव्हे: देहबोली वाचताना या चुका टाळा

समोरच्याने हाताची घडी घातली की त्याला आपलं म्हणणं पटलेलं नाही, असं देहबोलीच्या कार्यशाळांत ठासून सांगतात. आपण तर शाळेत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करतच वाढलो! ती अनेकांच्या अंगवळणी पडलेली रीत असते. कधी नुसता एसीचा गारठा. एका खुणेवरून निकाल देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी त्या माणसाची रोजची ढब बघा. एरवी अखंड बडबडणारा आज गप्प असेल, तर काहीतरी बिनसलंय. जन्माचा घुमा गप्प बसला, तर त्यात विशेष काही नाही.

नजरेचंही तसंच. मुलाखतीला आलेला मुलगा खाली बघून बोलला की ‘हा काहीतरी लपवतोय’ म्हणून आपण मोकळे. मोठ्यांच्या नजरेला नजर भिडवू नये, या शिकवणीत तो वाढलेला असू शकतो. शिवाय खोटं ओळखण्यात आपण सगळेच कच्चे. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली आधीचे ढीगभर प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा खरं-खोटं अचूक ओळखण्याचं सरासरी प्रमाण निघालं 54 टक्के. नाणं उडवलं तरी 50 मिळतात.

शिंपी मान डोलावत ‘होऽ होऽ’ म्हणतो, तेव्हा त्याने ऐकलं एवढंच समजा. ‘गुरुवारी किती वाजता येऊ?’ असं विचारा. तो घुटमळला, तर शनिवार धरा.

पंगतीत मात्र हात शब्दांपेक्षा खरा. नुसतं ‘नको, नको’ चाललं असेल, तर आणखी एक आग्रह चालतो. ताटावर हात आडवा आला की थांबा. (माझी आत्या तरीही बोटांच्या फटीतून जिलबी वाढते, तो भाग वेगळा.)

आणि कार्यशाळांतलं ते ‘संवादात शब्द फक्त 7 टक्के, बाकी स्वर आणि चेहरा’! हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या प्रयोगांतला. सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगितलं होतं. तो आकडा भावनांपुरताच आहे, हे त्यांनीच स्पष्ट केलंय. बँकेचा फॉर्म हातवाऱ्यांनी समजावून बघा!

तरीही अंदाज येईना, तर विचारा, पण चारचौघांत नको. ‘राग आलाय का?’ याला घरोघरी ‘नाही’ हेच उत्तर मिळतं. ‘आज गप्प गप्प वाटतेस’ म्हणा, चहाचा कप पुढे सरकवा आणि जरा थांबा.