मधमाशीला लाल रंग दिसतो का? प्रयोगाची मांडणी करण्यापूर्वी

सांगोला, मंगळवेढ्याकडच्या डाळिंबाच्या बागांत लाल फुलांवर मधमाश्या घोंगावताना पाहिल्या की सोलापुरातल्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी हाच प्रश्न सुचतो. प्रश्न उत्तम आहे. पण लाल आणि निळ्या कागदांवर साखरपाणी ठेवून माश्या मोजल्याने त्याचे उत्तर मिळत नाही, कारण रंग मुळीच न ओळखणारा प्राणीही दोन कागदांतला फिकट-गडदपणा ओळखू शकतो.

ही अडचण ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी 1914 च्या सुमारास सोडवली. एका रंगीत कागदाभोवती त्यांनी फिकटापासून गडदापर्यंत अनेक राखाडी कागद मांडले. निळ्यावरच साखरपाणी देऊन निळ्याची सवय लावलेल्या माश्या नंतर साखरपाण्याशिवायही नेमक्या निळ्यावर आल्या. लालची सवय लावलेल्यांनी मात्र लाल आणि गडद राखाडी यांत गल्लत केली. आपणही तेच करावे: आठ-दहा राखाडी छटा, मध्ये एक लाल कागद, प्रत्येकावर सारखी काचेची बशी आणि सवय लावताना साखरपाणी फक्त लालवर.

खरी काळजी यापुढे आहे. माशी वासाची पक्की असते, आणि जिथे खाऊ मिळाला तिथे ती स्वतःचाही वास सोडते. आमच्या पहिल्या प्रयत्नात सवयीच्याच बशा चाचणीला वापरल्या गेल्या आणि माश्या थेट लालवर उतरल्या. बशा बदलल्यावर तो कल नाहीसा झाला. म्हणून चाचणीच्या वेळी सर्व बशा नव्या व कोरड्या असाव्यात, कागदही नवे असावेत आणि शाईचा वास अडावा म्हणून सर्वांवर मिळून एकच काच ठेवावी. हाताला सुगंधी तेल नसावे. माशी जागाही लक्षात ठेवते, म्हणून सवय लावतानाच लाल कागदाची जागा वारंवार बदलावी.

सोलापूरच्या उन्हाळ्यात माश्या साध्या पाण्यासाठीही येतात. त्यामुळे राखाडीवरच्या बशांत पाणी ठेवू नये आणि प्रयोग सकाळी करावा. जवळची बाग बहरात असेल, तर साखरपाण्याकडे त्या फारशा फिरकत नाहीत.

मोजणाऱ्या मुलाला सवय कोणत्या कागदाची लावली आहे हे सांगू नये. शेवटी हीच मांडणी निळ्या कागदाने पुन्हा करावी. निळा बिनचूक ओळखला गेला आणि लाल ओळखला गेला नाही, तरच दोष मांडणीचा नसून फरक माशीच्या दृष्टीचा आहे असे म्हणता येते. मग डाळिंबाचे फूल तिला कशामुळे सापडते, हा पुढचा प्रयोग.