हर्नियाच्या पिशवीत भलतंच काही निघालं? या चुका टाळा

रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारी माणसं जांघेतली गाठ, म्हणजे हर्निया, वर्षानुवर्षं अंगावर काढतात. ऑपरेशन झालं की नातेवाईक थिएटरच्या दारातच विचारतात, “काय निंघनं डाक्टर?” प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर लेखी घ्या.

“हर्नियाच तर आहे, पिशवीच्या तपासणीचा खर्च कशाला?” ही पहिली चूक. पिशवी पातळ, स्वच्छ असेल तर तपासणी नाही केली तरी सहसा चालतं. पण ही पिशवी म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराचाच बाहेर आलेला भाग. म्हणून पोटात दडलेला आजार कधी कधी इथे आधी दिसतो. पिशवी जाड झालेली, बाजरीसारखे दाणे आलेले, आत पाणी साठलेलं, असं काही दिसलं तर ते पोटाच्या टीबीचं किंवा पसरलेल्या कॅन्सरचं लक्षण असू शकतं. डोळ्यांनी दोन्ही सारखेच दिसतात, फरक पिशवीचा तुकडा तपासल्यावरच कळतो.

इथे आम्हा डॉक्टरांकडूनही चूक होते. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या रसायनात) टाकला की जंतू मरतात आणि टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करता येत नाही. थोडा भाग सलाईनमध्ये वेगळा पाठवायला हवा, पाणीही पाठवायला हवं. टीबी निघालाच तर सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात.

टाके काढल्यावर रिपोर्ट न्यायला कुणी येत नाही, याचा मला फार त्रास होतो. चोपड्याकडच्या एका आजोबांचा टीबीचा रिपोर्ट असाच महिनाभर पडून राहिला. तोवर ते ताप अंगावर काढत होते.

पिशवीत अपेंडिक्सही सापडतं. 1735 मध्ये लंडनला क्लॉडियस अमायंड यांनी 11 वर्षांच्या मुलाच्या हर्नियातून टाचणी रुतलेलं अपेंडिक्स काढलं होतं. अपेंडिक्स सुजलेलं असेल तर जंतुसंसर्गाच्या भीतीने हर्नियाची जागा पक्की करणारी जाळी बहुधा बसवत नाहीत. “जाळी का नाही टाकली?” म्हणून डॉक्टरांवर रागावू नका.

लहान मुलीच्या जांघेतली गाठ दाबून आत ढकलू नका, आत अंडाशय असू शकतं. क्वचित, विशेषतः दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर, तिथे वृषण निघतं. मुलगी मुलगीच असते, शरीराला पुरुषी हार्मोन ओळखता येत नाही एवढंच. अशा वेळी घाईने काहीच कापू नये. गुणसूत्रांची तपासणी करून आईवडिलांशी नीट, एकांतात बोलावं.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘हर्निया’ लिहिलं असेल तर पिशवीत काय होतं तेही लिहून मागा.